कॅराव्हॅनच्या छतावरील पाऊस ओळखणारे व्हेंट फॅन : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेम्पो ट्रॅव्हलर किंवा विंगरसारख्या गाडीत राहण्या-झोपण्याची सोय करून घेऊन फिरणारी कुटुंबे नाशिकमध्ये आता नवलाची राहिलेली नाहीत. राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरणही २०२१ मध्ये आले. अशा गाडीच्या छतात बसवायच्या पंख्याची माहितीपत्रके मात्र बहुतेक वेळा परदेशातील हवामान गृहीत धरून लिहिलेली असतात. कसारा घाट चढून आल्यावर इगतपुरीला गाठणारा पाऊस, मे महिन्यातला वळीव आणि निफाडची थंडी यांचा विचार त्यांत नसतो. म्हणून येथे येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे एकत्र दिली आहेत.

हा पंखा साध्या व्हेंटपेक्षा वेगळा कसा?

साधा व्हेंट म्हणजे छतातील चौकोनी झरोका, त्यावर हाताने उघडायचे प्लॅस्टिकचे झाकण आणि खाली डासांची जाळी. व्हेंट फॅनमध्ये त्याच चौकटीत १२ व्होल्टवर चालणारा पंखा असतो आणि तो आतली हवा बाहेर फेकतो किंवा बहुतेक मॉडेलमध्ये दिशा बदलून बाहेरची हवा आत घेतो. त्यापुढची पायरी म्हणजे झाकण उघडण्या-मिटण्यासाठी स्वतंत्र छोटी मोटर, खोलीचे तापमान पाहून पंखा चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट आणि पाण्याचे थेंब ओळखणारा रेन सेन्सर. सेन्सरवर पाणी पडले की मोटर झाकण ओढून घेते आणि पंखा थांबतो. सेन्सर वाळला की पुष्कळ मॉडेलमध्ये झाकण पुन्हा आपोआप उघडते.

अमेरिकी मापाच्या पंख्यांना छतात १४ इंच बाय १४ इंच, म्हणजे सुमारे ३५५ मिलिमीटर चौरस छिद्र लागते. युरोपीय मापात ४० सेंटिमीटर चौरस हे छिद्र अधिक प्रचलित आहे. पंखा मागवण्याआधी हे माप पाहून घ्यावे, कारण छत एकदा कापल्यावर छिद्र मोठे करता येते, लहान करता येत नाही.

सेन्सरला पाऊस कळतो तरी कसा?

बहुतेक व्हेंट फॅनमध्ये सेन्सर म्हणजे दोन-चार सेंटिमीटरची एक चकती किंवा पट्टी असते. तिच्यावर धातूच्या बारीक रेघांचे दोन संच एकमेकांत बोटे गुंतवल्यासारखे, पण न टेकता, आखलेले असतात. कोरड्या स्थितीत त्यांच्यामधून वीज वाहत नाही. दोन रेघांच्या मध्ये थेंब पडला की त्यांच्यातील रोध एकदम कमी होतो आणि नियंत्रक सर्किट झाकण मिटण्याचा आदेश देते. मोटारींच्या पुढच्या काचेवर वायपरसाठी असणारा सेन्सर वेगळ्या तत्त्वावर चालतो. तो काचेत इन्फ्रारेड प्रकाश सोडून परत येणारा प्रकाश मोजतो, त्यामुळे त्याच्यावरून व्हेंट फॅनच्या सेन्सरचा अंदाज बांधू नये.

या रचनेतून दोन गोष्टी ओघाने येतात आणि पुढच्या बहुतेक प्रश्नांची मुळे त्यांतच आहेत. पहिली अशी की सेन्सरला पाऊस कळत नाही, त्याच्या स्वतःच्या अंगावर पडलेले पाणी तेवढे कळते. दुसरी अशी की पाणी पावसाचे, दवाचे की धुक्याचे, हा भेद त्याला करता येत नाही.

इगतपुरी, भावली, त्र्यंबकेश्वर या बाजूला झड लागल्यावर या सेन्सरचा कितपत उपयोग होतो?

स्पष्ट सांगायचे तर फारसा होत नाही. नाशिकमधून पावसाळ्यात बाहेर पडणाऱ्या बहुतेक गाड्या नेमक्या याच बाजूला जातात, म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देत आहोत.

सेन्सर आपले काम चोख करतो, अडचण त्याच कामात आहे. इगतपुरीकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस सर पडून उघडला असे होत नाही. झड एकदा लागली की दिवस-रात्र, कधी सलग दोन-तीन दिवस चालते. अशा वेळी सेन्सर पहिल्या थेंबालाच झाकण लावून घेतो आणि पुढे ते उघडण्याची वेळच येत नाही. खिडक्याही पावसामुळे बंद असतात. आत दोन-तीन माणसे, ओले रेनकोट, चहासाठी पेटवलेला गॅस आणि हवा बाहेर जायला वाट नाही, अशी परिस्थिती होते. झोपलेला एक माणूस रात्रभरात श्वास व घाम मिळून साधारण पाव लिटर किंवा त्याहून अधिक पाणी हवेत सोडतो. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होते. हे सारे पाणी पहाटे काचांवरून ओघळते, गादीच्या खालच्या बाजूला साठते आणि आठवडाभरात प्लायवूडला बुरशी धरते. म्हणजे पाऊस आत येऊ नये म्हणून घेतलेल्या सोयीमुळे गाडी आतून ओली होते.

बाहेरची हवाच इतकी दमट असताना पंखा लावून काय उपयोग, असे येथे हमखास विचारले जाते. उपयोग असतो. बाहेरची हवा पाण्याने जवळजवळ संपृक्त असली तरी गाडीच्या आतली हवा माणसांच्या आणि शेगडीच्या उष्णतेने दोन-चार अंशांनी अधिक गरम असते आणि गरम हवा अधिक वाफ धरून ठेवते. ती वाफेने भरलेली हवा बाहेर काढून बाहेरची थंड हवा आत घेतली की आत आल्यावर ती थोडी तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. पंखा अगदी मंद गतीवर ठेवला तरी रात्रभरात हा फरक काचांवर दिसतो.

म्हणून घाटमाथ्याकडे वारंवार जाणाऱ्यांनी झाकण मिटणाऱ्या पंख्यापेक्षा पावसातही चालू राहू शकेल असा पंखा निवडावा, असे आमचे ठाम मत आहे. मॅक्सएअर कंपनीच्या मॅक्सफॅन डिलक्ससारख्या पंख्यांत झाकणालाच छपराचा आकार दिलेला असतो आणि ते उघडे असतानाही पाऊस आत शिरत नाही. दुसरा उपाय म्हणजे साध्या पंख्यावर कायमचे बाहेरचे आवरण बसवणे. त्याच्या बाजूंना हवेसाठी फटी असतात आणि आतले झाकण उघडे राहू शकते. मात्र असे आवरण लावल्यावर सेन्सरवर पाऊस पोहोचतच नाही, तेव्हा त्याच्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ उरत नाही.

मग रेन सेन्सर कोणासाठी योग्य?

ज्यांची गाडी मुख्यतः सिन्नर, येवला, निफाड, चांदवड या पूर्वेकडच्या भागात किंवा शहरातच उभी असते आणि ज्यांना ऊन-वाऱ्याच्या दिवसांत व्हेंट उघडा ठेवून कामाला जायचे असते, त्यांच्यासाठी. एप्रिल-मेमध्ये बंद गाडी तापून भट्टी होते, त्यामुळे दिवसभर पंखा चालू ठेवण्याची गरज खरी असते आणि संध्याकाळी चारच्या पुढे वळवाचा धोकाही खरा असतो. पाऊस थोडा वेळ पडतो, सेन्सर झाकण लावतो, ऊन पडल्यावर ते पुन्हा उघडते. हा पंखा मुळात अशाच वापरासाठी बनवलेला आहे. डोमेटिकच्या फॅन-टॅस्टिक मालिकेतील रेन सेन्सर असलेली मॉडेल याच प्रकारची आहेत.

वळवाच्या दिवसांत व्हेंट उघडा टाकून, सेन्सरच्या भरवशावर गाडी सोडून जावे का?

काही तासांसाठी, गादीवर थोडे पाणी पडले तरी चालेल एवढी तयारी ठेवून, हरकत नाही. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर झाकण हाताने लावूनच जावे.

वळवाचा पाऊस येतो तो वाऱ्याच्या मागून. आधी धुळीचा लोट उठतो, पत्रे वाजतात, झाडे झोडपली जातात आणि मग टपोरे थेंब येतात. सेन्सरला वारा समजत नाही, तेव्हा झाकण सरळ उभे असताना सोसाट्याचा वारा आला तर पहिला थेंब पडण्याआधीच बिजागरी किंवा उचलणारा दांडा मोडू शकतो. दुसरे असे की सुरुवातीचे थेंब मोठे पण विरळ असतात. दोन-तीन सेंटिमीटरच्या चकतीवर त्यांतला एखादा पडेपर्यंत चौदा इंचांच्या झरोक्यातून अनेक थेंब आत आलेले असतात आणि झाकण पूर्ण मिटायलाही काही सेकंद लागतात. भुरभुर पावसात याच्या उलट होते, बारीक तुषार साठून दोन रेघांमध्ये पूल बांधेपर्यंत वेळ जातो.

काही पंख्यांत सेन्सर चौकटीच्या बाहेरच्या कडेला असतो, काहींत झाकणाच्या सावलीत. दुसऱ्या प्रकारात सरळ पडणारा पाऊस सेन्सरपर्यंत उशिरा पोहोचतो. आपल्या पंख्यात तो कुठे आहे, हे शिडी लावून एकदा प्रत्यक्ष पाहून ठेवावे.

गाडी उभी करण्याच्या दिशेचाही फायदा घेता येतो. झाकणाची बिजागरी सहसा गाडीच्या पुढच्या बाजूला बसवलेली असते आणि उघडलेले तोंड मागे असते. नैर्ऋत्य मोसमी पावसात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पावसाळ्यात गाडीचे नाक त्या दिशेला ठेवून उभी केली तर झाकणाची पाठ वाऱ्याला राहते आणि आत येणारे पाणी बरेच कमी होते. वळवाला मात्र ठरलेली दिशा नसते.

आकाश निरभ्र असताना झाकण रात्री आपोआप बंद होते. पंखा बिघडला का?

बहुधा नाही. हिवाळ्यात गंगापूर धरणाच्या किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्याजवळ गाडी उभी केली तर पहाटे छतावर दव साचते आणि सेन्सरच्या दृष्टीने दव म्हणजे पाऊसच. इगतपुरीच्या धुक्यातही हेच होते, फक्त तेथे सेन्सर पुरता वाळत नाही आणि पुरता भिजतही नाही. मग झाकण रात्रभर उघड-मीट करत राहते, आवाजाने झोपमोड होते आणि मोटरचे दात विनाकारण झिजतात. अशा रात्री सेन्सर बंद करून झाकण हाताने हवे तेवढे, म्हणजे दोन-तीन बोटे, उघडे ठेवावे. सेन्सर बाजूला ठेवून पंखा चालवण्याची सोय, बटण असो वा रिमोट, बहुतेक मॉडेलमध्ये असते.

दिवसाढवळ्या कोरड्या हवेत हे घडत असेल तर चकतीवर मळ बसला आहे. नाशिकच्या बाबतीत त्याचे एक खास कारण आहे. द्राक्षबागांच्या शेजारी गाडी उभी असेल तर गंधक आणि ताम्रयुक्त औषधांच्या फवारणीचे तुषार वाऱ्याने उडून छतावर बसतात. हा थर कोरडा असेपर्यंत काही करत नाही, पण हवेत थोडा ओलावा आला की विजेला वाट देऊ लागतो. रस्त्याची धूळ, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक यांचाही परिणाम असाच होतो.

सेन्सर साफ कसा करावा आणि तो चालू आहे हे कसे तपासावे?

पंख्याचा फ्यूज काढावा, मऊ कापड साध्या पाण्यात किंवा किंचित साबणाच्या पाण्यात भिजवून चकती पुसावी, स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसावी आणि पूर्ण वाळू द्यावी. घासणी, सँडपेपर, थिनर यांपैकी काहीही वापरू नये. रेघांवरचा मुलामा एकदा गेला की उघडा पडलेला तांब्याचा भाग काळा-हिरवा होतो आणि मग सेन्सर बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

तपासणीसाठी झाकण उघडून सेन्सर चालू करावा आणि ओल्या बोटाने चकतीवर दोन-तीन थेंब टाकावेत. झाकण लगेच मिटू लागले पाहिजे आणि अर्ध्यावर न अडखळता चौकटीला सगळ्या बाजूंनी टेकले पाहिजे. मृगाच्या आधी एकदा आणि पुढे पावसाळाभर दर महिन्याला ही चाचणी करावी. हे काम गाडीत बसून होत नाही, त्यामुळे ते टाळले जाते आणि सेन्सर मेल्याचे गादी भिजल्यावर कळते.

झाकण घट्ट बंद आहे, तरी आत पाणी ठिबकते. सेन्सर बदलावा का?

सेन्सरचा येथे काहीही संबंध नाही. पाणी झाकणातून येत नसून चौकटीच्या कडेने येत आहे. आमच्या पाहण्यात पावसाळ्यात आत येणारे बहुतेक पाणी याच वाटेने आलेले असते, आणि लोक खर्च मात्र सेन्सरवर करतात.

खूण ओळखायची पद्धत अशी. आतल्या पांढऱ्या पॅनेलवर स्क्रूच्या आसपास चहाच्या डागासारखे तपकिरी वलय दिसते. थेंब मात्र तेथे पडत नाही. तो पत्रा आणि पॅनेल यांच्या मधून छताच्या आडव्या पट्टीच्या आधाराने सरकत जातो आणि दीड-दोन फुटांवर, गाडी ज्या बाजूला उतरती उभी असेल तिकडे, पलंगावर पडतो. म्हणून ठिबकणाऱ्या जागेच्या वर सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा चिकट लेप, थापून काही साधत नाही. आतली चौकट उघडून बोटाने कडेकडेने चाचपावे, ओल जिथे सुरू होते ती जागा खरी.

छतावर चढून पाहिल्यास कारण सहसा समोरच असते. उन्हाने सीलंटला बारीक भेगा पडलेल्या असतात किंवा स्क्रूच्या डोक्यावरचा थर सुटलेला असतो. नाशिकच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. रात्री तोच पत्रा गार होतो. या रोजच्या ताणण्या-आखडण्यात कडक झालेले सीलंट तडकते. दुरुस्ती करताना जुने सीलंट प्लॅस्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढावे, जागा स्पिरिटने पुसावी आणि मगच नवे भरावे. जुन्याच्या वर नवे थापणे म्हणजे पुढच्या श्रावणात तेच काम पुन्हा करणे. घरगुती न्हाणीघरात वापरतात ते सिलिकॉन येथे टाळावे. एकदा ते लागले की त्याच्या अवशेषावर पुढे दुसरे कोणतेच सीलंट नीट चिकटत नाही.

नवीन पंखा बसवताना छत कापण्याचे काम कोणाकडून आणि केव्हा करून घ्यावे?

फेब्रुवारी ते एप्रिल हा उत्तम काळ. पत्रा कोरडा असतो आणि सीलंटला पाऊस लागण्याआधी मुरायला वेळ मिळतो. जूनमध्ये, उद्या ट्रिप आहे म्हणून, घाईने छत कापू नये.

काम बॉडी बिल्डरकडे किंवा पत्र्याचे काम जाणणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे आणि समोर उभे राहून करून घ्यावे. आतून छताच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर छताची ताकद असते, त्या कुठे आहेत हे पाहून त्यांच्या मधोमध छिद्र आखावे. पट्टी कापली जाणार असेल तर जागा बदलावी. जिगसॉने कापताना लोखंडाचा कीस रंगावर पडून पहिल्या पावसात गंज धरतो, म्हणून भोवती कागद चिकटवावा आणि काम झाल्यावर छत झाडून घ्यावे. कापलेल्या कडेला कानस मारून गंजरोधक प्रायमर आणि रंग लावावा. ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते आणि तीन-चार वर्षांनी छत तेथूनच कुजते.

पंख्याच्या चौकटीखाली ब्युटाइल टेप (रबरासारखी मऊ, चिकट पट्टी), त्यावर चौकट, स्टेनलेसचे स्क्रू आणि शेवटी चौकटीची कड व स्क्रूची डोकी झाकणारे स्वतः पसरणारे छताचे सीलंट, असा क्रम असतो. ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांच्या छतावर उंचवटे आणि पन्हळी असतात. सपाट चौकट त्यांवर तशीच दाबली तर पन्हळीतून पाणी आत जाते, म्हणून आधी पन्हळी भरून समतल बैठक तयार करावी लागते.

छत कापल्याने आरटीओची अडचण येते का?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्यानुसार मान्यता घेऊन बनलेल्या गाडीत व्हेंट आधीपासूनच असेल तर प्रश्न उद्भवत नाही. प्रवासी किंवा मालवाहू गाडीचे रूपांतर करणार असाल तर कापण्याआधी पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही बदल कळवावा. नंतर दावा नाकारला जाण्यापेक्षा ही खटपट परवडते.

पंखा हवा बाहेर फेकणारा ठेवावा की आत घेणारा?

स्वयंपाक करताना आणि रात्री झोपताना बाहेर फेकणारा. गरम हवा वर जाते आणि पंखा तिला वाट देतो. मात्र हवा बाहेर जायची तर तेवढीच आत यायला हवी, म्हणून पंख्यापासून सर्वांत दूरची, सावलीतील खिडकी चार-पाच बोटे उघडावी. शेजारचीच खिडकी उघडली तर हवा तेथल्या तेथे फिरते आणि गाडीचा दुसरा भाग कोंदटच राहतो.

सगळ्या खिडक्या बंद ठेवून पंखा जोरात लावू नये. आत कमी दाब तयार होतो आणि हवा मिळेल त्या मार्गाने येते : टॉयलेटच्या टाकीतून, मोरीच्या पाइपातून, आणि गॅसचा गीझर असेल तर त्याच्या धुराड्यातून उलटी. शेवटची गोष्ट जीवघेणी आहे, कारण त्या हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइड येऊ शकतो आणि त्याला वास नसतो. गॅसवर चालणारे काहीही गाडीत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाच पाहिजे. याबाबतीत आम्ही तडजोड सुचवणार नाही.

फोडणीसाठी एक सूचना : तेल तापण्याआधीच पंखा लावावा. ठेच्यासाठी मिरच्या भाजायच्या असतील तर पंखा पूर्ण गतीवर आणि दार उघडे ठेवावे. पाती आणि जाळी तेलकट होतात व त्यांवर धूळ बसून हवा निम्मी होते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी धुवावीत.

गॅस गळाला तर हा पंखा तो बाहेर काढेल का?

नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि छतावरचा पंखा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वास आल्यास पंख्याचेच काय, कोणतेही बटण दाबू नये. दारे उघडून बाहेर पडावे आणि सिलिंडर बंद करावा. गॅससाठी तळाशी, फरशीच्या पातळीवर, स्वतंत्र झरोका असावा लागतो.

बॅटरीवर किती भार पडतो?

मंद गतीवर चांगला पंखा अर्धा अँपिअर किंवा त्याहून कमी घेतो आणि पूर्ण गतीवर मॉडेलनुसार तीन-चार अँपिअरच्या आसपास जातो. मंद गतीवर आठ तास म्हणजे चार अँपिअर-तास. पूर्ण गतीवर चार अँपिअरने आठ तास म्हणजे बत्तीस. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये असे धरले तर पहिला आकडा नगण्य आणि दुसरा मोठा आहे.

लक्षात न येणारा खर्च वेगळाच असतो. सेन्सर आणि रिमोटचे सर्किट पंखा बंद असतानाही जागे राहते. समजा ते ३० मिलिअँपिअर घेत असेल, तर महिन्याला सुमारे बावीस अँपिअर-तास होतात. सोलर पॅनेल नसलेली गाडी पावसाळाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिली तर बॅटरी उतरते. बॅटरी उतरली की सेन्सरला पाऊस कळूनही झाकण मिटवायला ताकद नसते. दीर्घकाळ उभ्या गाडीत झाकण लावून फ्यूज काढून ठेवावा.

मोठ्या बस आणि ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेल्या गाडीत वीज २४ व्होल्टची असते. तेथे १२ व्होल्टचा पंखा थेट जोडल्यास सर्किट जळते, मध्ये २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर हवाच.

पंखा घेतल्यावर एसीची गरज राहत नाही का?

पंखा आतली हवा बाहेरच्या तापमानापर्यंत आणू शकतो, त्याखाली नाही. मोठ्या पंख्याची कमाल क्षमता ताशी सुमारे १५०० घनमीटर सांगितली जाते. ट्रॅव्हलरच्या आतली जागा सतरा-अठरा घनमीटर धरली तर हिशेबाने मिनिटाच्या आत सगळी हवा बदलते, प्रत्यक्षात जाळी आणि अरुंद खिडकीमुळे जास्त वेळ लागतो. नाशिकच्या मेमध्येही रात्री हवा उतरते, त्यामुळे संध्याकाळनंतर पंखा बहुतेकांना पुरतो. भर दुपारी उन्हात उभ्या गाडीत तो पुरणार नाही. लहान मूल किंवा पाळीव प्राणी पंख्याच्या भरवशावर बंद गाडीत कधीही ठेवू नये, कारण चार थेंब पडले तरी सेन्सर झाकण लावून पंखा थांबवू शकतो.

निफाडच्या थंडीत व्हेंट पूर्ण बंद ठेवला तर चालेल?

चालणार नाही. निफाडला पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली जातो आणि अशा रात्री बंद गाडीच्या पत्र्यावर आतून पाणी धरते. झाकण बोटभर उघडे आणि पंखा सर्वांत मंद गतीवर ठेवावा, एक पांघरूण जास्त घ्यावे.

गाडी चालवताना झाकण उघडे राहिले तर?

निर्मात्याने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर बंद करूनच निघावे. झाकणामुळे गाडीची उंची साधारण १० ते १३ सेंटिमीटरने वाढते, उघडे असताना आणखी. नवी उंची मोजून चालकाच्या समोर लिहून ठेवावी. गावाकडच्या रस्त्यांवर चिंचेच्या आणि वडाच्या फांद्या नेमक्या त्याच उंचीवर असतात.

माकडे आणि गारा यांपासून झाकण कसे वाचवावे?

सप्तशृंगी गडावर किंवा अंजनेरीच्या पायथ्याशी माकडे छतावर उड्या मारतात आणि उघडे झाकण धरून ओढतात. तेथे सेन्सर असो वा नसो, झाकण बंद ठेवणे हाच उपाय आहे, आणि खाण्याचा वास बाहेर जाऊ देऊ नये. गारांचे तसे नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी पावसाबरोबर येणारी गारपीट बागांची करते तीच गत उन्हाने ठिसूळ झालेल्या झाकणाची करते. सेन्सरने ते मिटवले तरी फुटायचे ते फुटते. झाकण पांढरट, खडबडीत झाले असेल तर गारपिटीची वाट न पाहता बदलून घ्यावे. नुसते झाकण सुटे मिळते.

पावसातच झाकण अर्ध्यावर अडकले तर काय करावे?

आधी फ्यूज पाहावा. तो ठीक असेल तर बॅटरीचे व्होल्टेज पाहावे, कारण ते कमी झाल्यावर पंखा फिरताना दिसतो पण झाकणाची मोटर जोर करू शकत नाही. गाडीचे इंजिन सुरू करून पुन्हा प्रयत्न करावा. जाळी काढून आत डोकावल्यास कधी काडी किंवा वाळके पान दात्यांत अडकलेले सापडते. बहुतेक पंख्यांत मोटर मोकळी करून झाकण हाताने फिरवण्याची मूठ असते, तिची जागा आणि फिरवण्याची दिशा उजेडात पाहून ठेवलेली असावी. यांतले काहीच जमले नाही तर बाहेरून जाड प्लॅस्टिकचा कागद टाकून तो छताच्या कडांना दोरीने बांधावा. चिकटपट्टी ओल्या पत्र्याला धरत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा स्वस्त रेन सेन्सर लावून साधे झाकण स्वयंचलित करता येईल का?

करता येते आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी तो छान आहे. गाडीवर कायमचा लावण्यासाठी त्यात दोन उणिवा आहेत. त्याच्या तांब्याच्या रेघांमधून सतत एकाच दिशेने वीज वाहते, त्यामुळे ओल्यात विद्युत्अपघटन होऊन रेघा खाल्ल्या जातात आणि सेन्सर काही काळात मुका होतो. ओल जाणवण्यापुरतीच, क्षणभर वीज देणारे सर्किट केले तर हे बरेच लांबते. दुसरी उणीव झाकणाच्या बाजूची आहे. पूर्ण उघडले आणि पूर्ण मिटले हे सांगणारे दोन लिमिट स्विच नसतील तर मोटर शेवटाला पोहोचूनही जोर करत राहते आणि जळते. हे दोन्ही नीट करू शकणारा माणूस जवळ असेल तर प्रयोग जरूर करावा. तसा नसेल तर मूळ कंपनीचाच सेन्सर मागवावा आणि तो नाशिकपर्यंत पोहोचायला वेळ लागतो हे धरून पावसाळ्याच्या बरेच आधी मागवावा.